खो-खोची वही आणि बेसबॉलचा कॅमेरा

मराठी वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर, क्रिकेटच्या मोठ्या बातमीखाली, कधीकधी दोन बोटे जागेत खो-खो स्पर्धेचा निकाल छापलेला असतो. त्या बातमीची भाषा वर्षानुवर्षे बदललेली नाही. विजयी संघाकडून अमुक खेळाडूने २.१० मिनिटे संरक्षण करून ३ गडी बाद केले, तमुकने १.४० मिनिटे पळती केली, पराभूत संघाकडून अमक्याची लढत एकाकी ठरली. नाव, मिनिटे, सेकंद, गडी. एवढ्यात बातमी संपते.

पूर्वीच्या उस्मानाबादची, आताच्या धाराशिवची नावे या छोट्या बातम्यांत सतत येत राहिली आहेत. बाहेरच्या लोकांना हा जिल्हा तुळजाभवानीमुळे माहीत असतो आणि दुष्काळामुळे. खो-खो ही त्याची तिसरी ओळख आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोपटूला हा पुरस्कार मिळून २२ वर्षे उलटली होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले.

या मुली किती मिनिटे टिकल्या, कोणाला कशा चुकवून पळाल्या, त्यांची पळती कोणत्या वयात कशी बदलत गेली, हे आज कोणाला शोधायचे असेल तर काय हाती लागते? काही कात्रणे, काही प्रमाणपत्रे आणि लोकांच्या आठवणी. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र एका साध्या सामन्यातल्या एका चेंडूने हवेत किती फेरे घेतले, तेही घरबसल्या पाहता येते. विशेष म्हणजे बेसबॉलच्या आकड्यांची सुरुवातही वर्तमानपत्रातल्या अशाच दोन बोटे मजकुरातून झाली होती. बी एकच होते, मग पीक वेगळे का आले, हे पाहण्यासारखे आहे.

एका बातमीदाराचा तक्ता

हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज. १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सिटर गावी जन्मला, लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेला. तिथे तो क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. पुढे बेसबॉल पाहून त्या खेळाच्या प्रेमात पडला. पण क्रिकेटच्या धावफलकाची सवय सुटली नव्हती. १८५९ मध्ये त्याने बेसबॉल सामन्याचा तक्ता छापला. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याने काय केले, ते आकड्यांत. या तक्त्याला पुढे ‘बॉक्स स्कोअर’ नाव पडले. फलंदाजाची सरासरी काढण्याची कल्पनाही बेसबॉलमध्ये क्रिकेटच्याच वाटेने आली.

बेसबॉल मोजायला सोपा आहे, कारण त्याच्या मुळाशी दोन माणसांची लढत आहे. चेंडू फेकणारा म्हणजे पिचर १८.४४ मीटरवरून फेकतो, समोर बॅट घेऊन बॅटर उभा असतो. चेंडू टप्पा खात नाही. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू ०.४ सेकंदात पोहोचतो. मग बॅटर तो मारतो, चुकवतो किंवा सोडतो. चार चेंडू कक्षेबाहेर पडले तर तो न मारताच पहिल्या बेसवर चालत जातो. याला ‘वॉक’ म्हणतात. प्रत्येक चेंडू ही एक स्वतंत्र घटना, एक स्वतंत्र नोंद. शंभर वर्षे लोकांनी या नोंदी केल्या, जपल्या आणि त्यांच्यावर वाद घातले.

त्या वादातून पुढे बिल जेम्स आला. कॅन्सस राज्यात डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. रात्रभर वर्तमानपत्रांतले तक्ते चाळायचा. १९७७ मध्ये त्याने ६८ पानांची एक पुस्तिका स्वतःच काढली. जेमतेम ७५ प्रती खपल्या. त्याचे म्हणणे साधे होते. आपण जे आकडे छापतो, ते जे सांगतात असे आपल्याला वाटते, ते सांगतच नाहीत. फलंदाजीची सरासरी काढताना ‘वॉक’ हिशेबात धरत नाहीत. पण वॉक मिळवणारा खेळाडू बाद झालेला नसतो, तो बेसवर पोहोचलेला असतो, आणि सामना बेसवर पोहोचणाऱ्यांमुळेच जिंकला जातो. मग त्याच्या संयमाची किंमत शून्य का?

२००२ मध्ये ओकलंड संघाच्या बिली बीनने हाच विचार पैशाच्या व्यवहारात आणला. त्याच्याकडे खेळाडूंसाठी सुमारे ४ कोटी डॉलर होते, न्यूयॉर्क यांकीजकडे साडेबारा कोटींच्या आसपास. त्याने असे खेळाडू उचलले, ज्यांना बाजारात भाव नव्हता पण जे बेसवर पोहोचत होते. त्या मोसमात ओकलंडने सलग २० सामने जिंकले आणि एकूण १०३ विजय मिळवले. यांकीजचेही विजय १०३ होते. पुढच्याच वर्षी मायकेल लुईसचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक आले, २०११ मध्ये सिनेमा आला.

यंत्रे आली

इथपर्यंतचे काम वही-पेन्सिल आणि डोक्याने झाले होते. त्यानंतर यंत्रे आली. २००६ च्या शेवटी मैदानावरचे कॅमेरे पिचरच्या हातातून सुटलेल्या चेंडूचा मार्ग मोजू लागले. २०१५ पासून मेजर लीगच्या तीसही मैदानांवर ‘स्टॅटकास्ट’ बसले. रडार आणि कॅमेरे मिळून चेंडूचा वेग, मिनिटाला होणारे फेरे, बॅटवरून सुटतानाचा कोन, क्षेत्ररक्षक किती धावला, हे सगळे टिपू लागले. २०२० मध्ये त्यातल्या जुन्या यंत्रणेच्या जागी ‘हॉक-आय’ आले.

हे हॉक-आय आपल्याला नवे नाही. पॉल हॉकिन्स यांनी ते क्रिकेटसाठी बनवले आणि २००१ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंड-पाकिस्तान कसोटीच्या प्रक्षेपणात ते पहिल्यांदा दिसले. म्हणजे चॅडविकचा तक्ता क्रिकेटमधून बेसबॉलमध्ये गेला, तसाच दीडशे वर्षांनी हा कॅमेराही गेला. या यंत्रांच्या पोटात चालणाऱ्या हिशेबाला आपण ‘अल्गोरिदम’ म्हणतो. तो शब्दही नवव्या शतकात बगदादमध्ये भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला आहे. मोजणीची विद्या कोणा एकाच्या घरची नाही, ती हातोहात फिरत आली आहे. प्रश्न एवढाच की ती कोणाच्या मैदानापर्यंत पोहोचते.

खो-खोतली मोजणी

आता आपल्या मातीतल्या खेळाकडे पाहू. खो-खोला लेखी नियम मिळाले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमावली केली, १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने आपली काढली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यात भर घातली. तेव्हा उस्मानाबाद हैदराबादच्या निजामी राज्यात होते. मराठवाडा द्विभाषिक राज्याशी जोडला गेला तो १९५६ मध्ये. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली.

या खेळाचा स्वभाव मोजणीला अगदी सोयीचा आहे. आठ गडी पाठ-तोंड उलटसुलट करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही. बसलेल्यांच्या मधून आरपार जाता येत नाही. त्याला खो द्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक पाठलाग हा दोन खोंच्या मधला एक छोटा तुकडा. बेसबॉलमधल्या एका चेंडूसारखाच. समोर तिघांची तुकडी पळत असते, आणि प्रत्येक पळणारा मैदानात किती वेळ टिकला हे वेळाधिकारी घड्याळ लावून पाहतो. कोणता गडी किती वेळाने बाद झाला, कोणी बाद केला, हे गुणलेखक वहीत मांडतो. दोन बोटे बातमीतली मिनिटे-सेकंद तिथूनच येतात. फलंदाजाच्या धावांइतकीच ही नोंद प्रामाणिक आहे.

पण बिल जेम्सचा प्रश्न इथेही विचारता येतो. २.१० मिनिटे म्हणजे नेमके काय? ती पहिल्या तुकडीत, आक्रमक ताजे असताना काढली, की डावाच्या अखेरीस सगळे दमल्यावर? समोर राष्ट्रीय संघातले आक्रमक होते, की शाळेची नवखी पोरे? तुकडीतले दुसरे दोघे झटपट बाद झाल्यावर ही खेळाडू एकटी पळत होती, की आक्रमकांचे लक्ष तिच्या सोबतिणींकडे असल्याने तिला मोकळीक मिळाली? वेळ एकच दिसतो, मोल वेगवेगळे असते.

आक्रमणातही तसेच आहे. गडी बाद केल्याचे श्रेय स्पर्श करणाऱ्याला मिळते. पण तीन खो आधी कोणीतरी अचूक खो देऊन पळणाऱ्याला खांबाकडे दाबत नेलेले असते. तिथे त्याला वळायला जागा उरत नाही, आणि खांबाजवळचा गडी सूर मारून त्याला टिपतो. अंगणात खेळलेल्या कोणालाही हे कळते. वहीत मात्र त्या आधीच्या खोची नोंद नसते. बेसबॉलमधला वॉक जसा शंभर वर्षे बिनमोलाचा राहिला, तसा आपल्याकडे हा ‘दाबत नेणारा खो’ बिनमोलाचा आहे.

हे मोजायला उपग्रह लागत नाही. एका टोकाच्या खांबामागे उंचावर ठेवलेला साधा मोबाइल पुरतो. एक गडी बाद करायला किती खो लागले, पळणारा डाव्या बाजूने जास्त सुटतो की उजव्या, एकेरी साखळीत जास्त टिकतो की गोल पळण्यात, बाद होण्याआधी त्याचा वेग कितव्या सेकंदाला उतरतो, हे तासाभराच्या चित्रफितीतून कोणीही चिकाटीचा माणूस मांडू शकेल. प्रशिक्षकांना यातले बरेच डोळ्यांनी दिसते. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या संघटक-प्रशिक्षकांनी या जिल्ह्यातून राष्ट्रीय पातळीचे खेळाडू घडवले, ते या नजरेच्या जोरावरच. पण नजर माणसाबरोबर जाते. वही मागे राहते, जपली तर.

ज्यांची नोंद झाली नाही

बेसबॉलच्या आकड्यांची ही गोष्ट ऐकताना एक गोष्ट विसरता कामा नये. जगातल्या या सर्वांत काटेकोर वहीत कित्येक दशके काळ्या खेळाडूंची पाने नव्हती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकात मेजर लीगचे दार त्यांना बंद होते. ते आपल्या वेगळ्या लीगमध्ये खेळत. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांना त्या सामन्यांशी घेणेदेणे नव्हते. ‘शिकागो डिफेंडर’ आणि ‘पिट्सबर्ग कुरिअर’सारखी काळ्या समाजाची वर्तमानपत्रे मात्र त्यांचे तक्ते छापत राहिली.

काही हौशी अभ्यासकांनी ही जुनी पाने वर्षानुवर्षे शोधली, एकेक सामना जुळवला. २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या त्या लीगना बरोबरीचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांतल्या २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत आले. आणि एका दिवसात इतिहास बदलला. कारकिर्दीतल्या सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा मान टाय कॉबच्या .३६७ वरून जोश गिब्सनच्या .३७२ कडे गेला. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत ३५ व्या वर्षी वारला होता. रॉबिन्सन मैदानात उतरला तो त्यानंतर तीनच महिन्यांनी. गिब्सनला न्याय मिळायला ७७ वर्षे लागली. तो मिळाला कारण कोणीतरी, कुठेतरी, त्याच्या सामन्यांचा दोन बोटे तक्ता छापून ठेवला होता.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण म्हणजे पळवणकर बाळू. धारवाडला जन्मलेला, पुण्यात वाढलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज दलित होता. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात तो खेळपट्टीची कामे करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. हिंदूंच्या संघात आला, तेव्हा मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालत होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. त्याला कर्णधार कधी केले नाही. मात्र हा ११४ चा आकडा कोणाला पुसता आला नाही. १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, त्यामागे या भावंडांच्या आकड्यांचे वजन होते.

आकडा तटस्थ असतो असे म्हणतात. तसे नसते. कोणाचे मोजायचे हे माणसेच ठरवतात. पण एकदा मोजले गेले की तो आकडा दुबळ्या माणसाच्या बाजूने उभा राहणारा पक्का साक्षीदार होतो. निवड समितीत ज्याचा मामा-काका नाही, ज्याचे आडनाव ऐकून कपाळावर आठी पडते, त्याच्यासाठी बोलणारे दुसरे कोणी नसते.

दिल्लीची नसरीन शेख डोळ्यांसमोर येते. भांडी विकणाऱ्या बापाची ही मुलगी २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती. तिला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२५ च्या विश्वविजेत्या संघातही ती होती. त्याच संघात जम्मू-काश्मीरची नाझिया बीबी होती. मुस्लीम मुलीने मैदानात पळावे की नाही, यावर घरात आणि मोहल्ल्यात चर्चा होते, तेव्हा ‘तिने किती वेळ काढला’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. कपड्यांवर बोलतात, लग्नावर बोलतात. तिच्याकडे उत्तर म्हणून दाखवायला तिची मिनिटेच असतात.

आकड्याची सनद

हदीसच्या अभ्यासात एक पद्धत आहे. मजकूर काय आहे याबरोबरच तो कोणाकडून आला हे पाहतात. कोणी, कोणाकडून, ऐकले. मधला प्रत्येक दुवा विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती. या साखळीला इस्नाद म्हणतात. दुवा सांगणाऱ्यांची पारख करण्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ ही ज्ञानशाखाच उभी राहिली. साखळी तुटकी असेल तर मजकूर कितीही गोड असो, त्याचे वजन कमी होते.

खेळाच्या आकड्यालाही अशी साखळी लागते. गुणलेखकाची सही, वेळाधिकाऱ्याची सही, पंचांची सही, स्पर्धेचे नाव, तारीख. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सारिका काळे तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली, तशा नोकरीचे स्वप्न या जिल्ह्यातल्या कितीतरी मुली पाहतात. शेतमजुराच्या घरात एका क्रीडा प्रमाणपत्राने पुढच्या दोन पिढ्या बदलू शकतात. म्हणूनच बनावट प्रमाणपत्रांचा बाजार भरला, आणि काही वर्षांपूर्वी राज्यात तसे प्रकरण उघडकीस आले. खोटे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याने कोणाची जागा खाल्ली? जिने खरोखर मातीत गुडघे फोडून दोन मिनिटे काढली, पण जिच्या त्या दोन मिनिटांची वही आज कुठे आहे हे कोणाला माहीत नाही, तिची.

नोंदीचा आणखी एक गुंता या जिल्ह्यापुरता आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. नामांतरावर या भागात पुष्कळ बोलून झाले आहे, तो वाद इथे नको. पण सारिकाच्या २०२० च्या पुरस्काराच्या बातम्यांत ‘उस्मानाबाद’ आहे आणि अश्विनीच्या २०२५ च्या बातम्यांत ‘धाराशिव’. उद्या एखादे यंत्र या जिल्ह्याचे खो-खोपटू शोधायला बसले, तर त्याला कोणी सांगितल्याशिवाय हे दोन वेगळे जिल्हे वाटतील. एका जिल्ह्याला खेळाची परंपरा होती आणि ती अचानक संपली, दुसऱ्याला ती अचानक सुरू झाली, असा निष्कर्ष ते बिनदिक्कत काढेल. यंत्राला तारीख कळते, पण इतिहास कळत नाही. तो माणसाने लिहून द्यावा लागतो.

हा जिल्हा मोजला जात नाही असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी, बँक खाती, रस्ते अशा ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती पडद्यावर दिसू लागली. ते गरजेचेच होते. पण त्या ४९ मध्ये खेळ नाही. म्हणजे आपण कशात मागे आहोत याची मोजणी चोख होते, आणि ज्यात देशाच्या पुढे आहोत ते पेटीत पडून राहते.

रडार गावात आले तेव्हा

यंत्राबद्दल मनात अढी असेल, तर एक गोष्ट आठवावी. २००८ मध्ये काही अमेरिकी लोक भारतात वेग मोजण्याचे रडार घेऊन फिरले. ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा होती. बेसबॉल फेकायचा, रडार वेग सांगेल. हजारो मुलांनी हात आजमावले. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू रिंकू सिंह ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर वेगाने फेकून पहिला आला. दुसरा मुलगा दिनेश पटेल, तोही तिथलाच आणि भालाफेकपटूच. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला.

रडारने जात विचारली नाही, शाळेचे माध्यम विचारले नाही, शिफारसपत्र मागितले नाही. यंत्राची ही बाजू खरी आहे. पण ते त्या मुलांपर्यंत आले म्हणून त्यांचा वेग दिसला. ज्या गावी ते गेले नाही, तिथल्या हाताचा वेग कोणाला ठाऊक? शिवाय रडार फक्त वेग सांगते. चेंडू कुठे टाकायचा, समोरच्याला कसे फसवायचे, हे त्यात उमटत नाही. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत.

मोजणीचा एक धोकाही बेसबॉलने दाखवून दिला आहे. जे मोजले जाते तेच शिकवले जाते. बॅटवरून चेंडू कोणत्या कोनात सुटला हे दिसू लागल्यावर सगळे उंच फटके मारू लागले. २०१९ च्या मोसमात ६,७७६ होम रनचा विक्रम झाला. पिचर जास्तीत जास्त वेग आणि फिरकीच्या मागे लागले, कोपराच्या शस्त्रक्रिया वाढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगच्याच अहवालाने या धडपडीकडे दुखापतींचे मोठे कारण म्हणून बोट दाखवले.

खो-खोही आता या वळणावर आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ लीगचा पहिला मोसम झाला. मॅट, दिवे, टीव्ही आले. साध्या स्पर्शाला दोन गुण, सूर मारून टिपले तर तीन. दोन्ही दिशांना पळू शकणारा ‘वजीर’ आला. खेळ पाहायला मजेदार झाला, खेळाडूंना चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. पण सुराला जास्त गुण म्हटल्यावर गावोगावची पोरे सूरच मारणार. मॅटवर मारलेला सूर आणि मुरमाच्या मैदानावर मारलेला सूर यांत फरक आहे. मॅटवर अंगाला काही होत नाही, मुरमावर गुडघा सोलवटतो. आणि हुलकावणी देत तीन मिनिटे टिकून राहणारी शांत डोक्याची खेळाडू, जी या जिल्ह्याची खरी ओळख, तिची किंमत गुणफलकात किती धरायची, हे नियम करणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवले पाहिजे.

आपल्या मैदानांवर हॉक-आय कधी येईल, हे पैशावाल्यांच्या हातात आहे. वही मात्र आपल्या हातात आहे. चॅडविककडे कॅमेरा नव्हता, बिल जेम्सकडे नोकरीही धड नव्हती, जोश गिब्सनचे तक्ते छापणाऱ्या वर्तमानपत्रांकडे पैसा नव्हता. त्यांनी लिहून ठेवले, एवढेच.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब, भूम या गावांत अशी माणसे नक्की आहेत, ज्यांनी वीस-तीस वर्षे शाळांच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत गुणलेखन केले. कोणी निवृत्त क्रीडाशिक्षक असेल, कोणी जुना खेळाडू. त्यांच्या घरी माळ्यावरच्या पेटीत पिवळी पडलेली गुणपत्रके असतील. त्यांत अशा मुलींची मिनिटे असतील, ज्यांची पुढे लग्ने झाली, खेळ सुटला आणि आज त्यांच्या मुलांनाही ठाऊक नाही की आपली आई कधीकाळी तीन मिनिटे कोणाच्या हाती लागली नव्हती. त्यांत शिंदे असतील, काळे असतील, शेख आणि पठाणही असतील. वाळवी लागण्याआधी त्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि गुणलेखकाचे नाव लिहून ठेवा, जिल्ह्याच्या पुढे दोन्ही नावे लिहा. एका पानाला दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ तर त्या मुलींनी नऊ जणांना चुकवून काढला होता.